नवरदेवाचे गार पाय

मागच्या रविवारी मुखेडला, आमच्याच घरात, माझं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं... आणि ते वाचवलं तिळाच्या तेलानं. आता सगळं जागेवर आलंय म्हणून लिहितेय, नाहीतर हात धजला नसता.

मी केस धुवायला गेले होते. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. तेवढ्यात माझ्या होणाऱ्या नणंदेचा, पल्लवीचा, उदगीरहून मेसेज आला... 'वहिनी, दादा इज गेटिंग कोल्ड फीट. प्लीज टॉक टू हिम.'

आमची आई अंगणवाडी सेविका. इंग्रजी अक्षरं जुळवून जुळवून वाचते आणि वाचलं की लगेच कामाला लागते. कोल्ड म्हणजे थंड, फीट म्हणजे पाय... जावयाचे पाय थंड पडले! माझी वाटसुद्धा पाहिली नाही तिनं.

मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तर आई तिच्या फोनवर विहीणबाईंना चक्क रागवत होती. "जय भीम ताई... आवं, पोराचे पाय थंड पडून राहिलेत अन् तुम्ही आम्हाला सांगितलं न्हाई?"

स्पीकर चालू होता. तिकडे धावपळ, कसलं तरी भांडं पडल्याचा आवाज... मग विहीणबाई धापा टाकत, "हाव की वो ताई! आत्ताच हात लावून बघितलं, लई गार हायेत!" हिवाळ्यात फरशीवर अनवाणी फिरणाऱ्या कुणाचेही लागतील तसे लागले असणार.

"रक्त कमी असंल. तिळाचं तेल कोमट करा, त्यात लसूण टाका अन् तळवे चोळा. मी हाय फोनवर."

मी माझा फोन उचलला आणि मेसेज वाचला. मी शाळेत इंग्रजी शिकवते. आदल्याच आठवड्यात नववीच्या पोरांना हा वाक्प्रचार फळ्यावर लिहून दिला होता... ऐनवेळी माणूस कच खातो, त्याला 'कोल्ड फीट' म्हणतात. लग्नाच्या बाबतीत तर हमखास. म्हणजे नवरदेव माघार घेत होता... आणि इकडे पत्रिका छापून झालेल्या!

आईला काय सांगणार? ती "टाचेकडून बोटांकडं चोळा" सांगण्यात रंगली होती. बाबांनी पेपर खाली घेतला, म्हणाले, "काय झालं गं, तोंड का उतरलं?" मी "शांपू गेला डोळ्यात" म्हटलं आणि गच्चीवर पळाले.

फोन लावायचा धीर होईना. नंबर काढायचा, बंद करायचा... तेवढ्यात त्यांचाच आला. विनोद, उदगीरला बँकेत आहेत, तसे फार कमी बोलतात.

"अहो, तुमच्या आईनं माझ्या आईला काय सांगितलं? तिनं माझे दोन्ही पाय मांडीवर धरून ठेवलेत, उठू देईना. मला झालंय तरी काय?"

मला हसू यायला लागलं आणि रडूही. पल्लवीच्या मेसेजचं सांगितलं, कोल्ड फीटचा अर्थही सांगितला. ते हळूच म्हणाले, "थांबा. आई तेल गरम करायला चाललीय."

थोड्या वेळानं आवाज आला. "मग हाव... तसे गारच हायेत."

"का?"

"तुम्ही इंग्रजीच्या मॅडम. तुमचं स्टेटस मी ॲपमध्ये टाकून वाचतो. आम्ही बघायला आलो, त्याच आठवड्यात तुम्ही 'फीलिंग अंडर द वेदर' लिहिलं होतं. ॲप म्हणालं, हवामानाखाली वाटत आहे. मी लिहिलं, छत्री घ्या. तुम्ही हसण्याचे ढीगभर चेहरे पाठवले... परवा पल्लवीनं सांगितलं, त्याचा अर्थ तब्येत बरी न्हाई. तेव्हापासून वाटून राहिलं, ह्या मला जन्मभर हसणार."

मी कठड्याला टेकले. कारण मी होकार दिला होता तो त्या छत्रीवरच! नोकरी, घर, माणसं, सगळं चांगलं होतं, पण मन काही होत नव्हतं. तापात पडले होते, सगळ्यांचे तेच ते 'गेट वेल सून'... आणि हा एक माणूस म्हणतो, छत्री घ्या. मला वाटलं, काय हजरजबाबी आहे हा! त्याच संध्याकाळी बाबांना हो म्हणून सांगितलं.

हे सगळं त्यांना सांगितलं. मग अगदी घाबरत त्यांनी विचारलं, "म्हणजे तो विनोद नव्हता, हे कळल्यावर आता तुमचे पाय गार पडले का?"

आता सांगा, याला विनोदी म्हणायचं नाही तर कशाला! ऊन चांगलं वर आलं होतं. मी म्हटलं, "न्हाई हो, आमची गच्ची तापलीय." दोघंही असे हसलो की खालून बाबांनी हाक मारली. फोनमधून विहीणबाईंचा आवाज आला, "दात काय काढतोस, दुसरा पाय आण इकडं."

संध्याकाळी आईला खरा अर्थ सांगितला. वाटलं, कपाळावर हात मारून घेईल. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग? तेलानं उतरलं का न्हाई?"

तेव्हापासून विचार करतेय... तो मेसेज आधी माझ्या हाती पडला असता, तर मी त्याचा अचूक अर्थ लावला असता आणि फुगून बसले असते. त्यांनी फोन करायचा, मी का करू, असं म्हणत. आईला अर्थ कळलाच नाही. तिला एवढंच कळलं, की पोराला काहीतरी होतंय आणि आपण बसून चालणार नाही... बरं झालं, आई, तू आधी वाचलंस.