सुधारलेला मोजा

मास्तरांच्या हातात कात्री आली की घरातल्या कपड्यांची छाती धडधडायला लागते, असं त्यांची बायको चारचौघांत सांगत असे. अतिशयोक्ती होती, पण फारशी नव्हती. जावयाने एकदा पॅन्टची नुसती चेन बदलायला दिली, तर मास्तरांनी कंबर उसवून, खिसे खोल करून, वर पायाची घडीसुद्धा बदलून ती परत केली. तेव्हापासून जावई कपडे बाहेर शिवून घेऊ लागला. ते बापाला कळू नये म्हणून मुलीने ज्या थापा मारल्या, त्या ऐकण्यासारख्या होत्या.

अशा माणसाला नोकरी मिळावी कुठली? तर जिथे सुधारणा हाच गुन्हा, नेमकी तिथली.

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या तळमजल्यावर मास्तर मोजे शिवत. पायांतले नव्हेत. किनाऱ्याजवळचं पाणी कुठे नि किती वेगाने वाहतं हे पाहायला संस्था दरवर्षी समुद्रात पांढरे गोळे सोडी. गोळ्याच्या पोटातलं यंत्र आपला ठावठिकाणा उपग्रहाला कळवत राही. पण नुसता गोळा सोडला तर त्याला वारा ढकलणार. मग तो बातमी पाण्याची देणार की वाऱ्याची? म्हणून त्याच्याखाली, पाण्यात, पुरुषभर उंचीहून लांब असा भोकंभोकं पाडलेला कापडी नळा लोंबत ठेवायचा. तो पाणी धरून राहतो आणि गोळ्याला पाण्याबरोबर नेतो. या नळ्याला सगळे मोजा म्हणत, आणि मास्तरांना, पाठ वळली की, मोजेमास्तर.

वरच्या मजल्यावर बाई. प्रवाहांचा सगळा अभ्यास त्यांच्या हाती. वीस वर्षांत त्यांनी चष्म्याची फ्रेम बदलली नव्हती. मोजमापात फरक पडेल म्हणून, असं कॅन्टीनमध्ये म्हणत. त्यांचा नियम एकच. गेल्या वर्षीपेक्षा यंदा पाण्यात काय बदललं हे कळायला हवं असेल, तर आपल्या बाजूने काडीचाही बदल होता कामा नये. "मास्तर, तेच कापड, तीच भोकं, तोच टाका." दरवर्षी वाक्यही तेच.

मास्तर "हो बाई" म्हणत आणि आतल्या आत जळत. मोज्याचं तोंड त्यांना बघवत नसे. वरच्या काठात घातलेली तारेची गोल कडी बारीक. ओढ बसली की तोंड पिळवटून मिटायचं, बिनदाताच्या म्हाताऱ्यासारखं. एवढी वर्षं सोसलं बिचाऱ्यांनी. निवृत्ती दोन वर्षांवर आली तेव्हा मात्र हाताला राहवेना. तोंडाच्या शिवणीत त्यांनी दुसरी कडी बसवली, वरून कुणाला ओळखू येणार नाही अशी. मोजा आता टम्म उघडा राहू लागला. मास्तरांना शांत झोप लागू लागली.

काही महिन्यांनी बाई स्वतः बिस्किटांचा पुडा घेऊन खाली आल्या. बाई आणि बिस्किटं! शिपाईसुद्धा दारात येऊन बघायला लागला.

"मास्तर, प्रवाह मंदावलाय! वीस वर्षांत असं झालं नव्हतं. पुढच्या महिन्यात परिषदेत मांडणार आहे मी."

मास्तरांनी तोंडाकडे नेलेलं बिस्कीट परत पुड्यात ठेवलं.

घरी बायकोने जेवण वाढता वाढता ओळखलं. "काहीतरी करून ठेवलंय तुम्ही."

"मी? मी काय समुद्र अडवणार?"

"तोंड बघा आरशात. माझ्या निळ्या कोटाच्या बाह्या कापल्या होत्या तेव्हा हेच होतं."

मग सांगावंच लागलं. "अगं, पण चांगलंच केलं ना?"

"चांगलं केलं असतंत तर गल्लीभर सांगत सुटला असतात."

"सांगितलं तर घरी बसवतील."

"आणि नाही सांगितलं तर ती बाई भरल्या सभेत तुमची कडी समुद्र म्हणून दाखवेल. जा उद्या."

मास्तर गेले. खरं सांगायचं तर, मनाच्या कोपऱ्यात थोडी शाबासकीची आशा घेऊनच गेले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि चष्मा काढला.

"किती मोज्यांना केलंत?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"एकाला करून दुसऱ्याला कसं सोडायचं, बाई? बरं दिसत नाही."

बाई ओरडल्या नाहीत. त्यांच्या मनात आलं, कदाचित पाणी खरंच मंदावलं असेल. बघितल्याशिवाय कसं बोलायचं? गोदामात जुना एक मोजा शिल्लक होता. तो आणि नवा एक, दोन गोळ्यांना बांधून बोटीतून नेले आणि एकाच जागी, एकाच वेळी सोडले. मास्तरही बरोबर.

"जोडी नांदते का बघू," बोटवाला म्हणाला.

वारा नव्हता तोवर जोडी नांदली. वारा सुटला तसं जुन्या मोज्याचं तोंड मिटलं, पाण्यावरची पकड सुटली आणि त्याचा गोळा पुढे निघाला, आणि दुपारपर्यंत पार ठिपका झाला. मास्तरांचा आपला पाण्याच्या चालीने, सावकाश.

"बघा बाई, माझा वाऱ्याला दाद देत नाही!" मास्तर बोलून गेले आणि मग जीभ चावली.

"म्हणजे मंदावलं बिंदावलं काही नाही," बाई म्हणाल्या. "आपल्या आकड्यांत वीस वर्षं थोडा वारा मिसळत होता."

"मग नवा चांगला की!"

"चांगलाच आहे. म्हणूनच नको. वारा दरवर्षी सारखाच मिसळत होता, म्हणून एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करता येत होती. तुम्ही एकट्या यंदाच्या वर्षाला खरं बोलायला लावलंत. आता ते कुणाशी बोलणार?"

बाई परिषदेला गेल्या नाहीत. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर वीस वर्षांची रेघ होती. तिच्यापुढे यंदाची जागा त्यांनी कोरी सोडली. मास्तर दोन दिवस खाली बसून राहिले, मग राजीनामा लिहून वर गेले.

बाईंनी तो न वाचताच परत दिला. "तुमच्याइतकं नेमकं चुकीचं दुसऱ्या कुणाला शिवता येणार आहे? चला, बसा मशीनवर."

आणि त्या मागोमाग खाली आल्या. मास्तरांनी कापड घेतलं, बारीक कडी घातली, तोच टाका घातला. हात दोनदा दुसऱ्या कडीकडे गेला. बाई खाकरल्या, तो मागे आला. मोजा तयार झाल्यावर बाईंनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तोंड पिळवटून मिटलं.

"सुंदर," बाई म्हणाल्या.

वीस वर्षांत त्यांनी मास्तरांच्या शिवणकामाला दिलेली ही पहिलीच दाद. मास्तरांनी मान खाली घातली आणि पुढचं कापड ओढलं.