आप्पांना वाटलं, आपण मागे राहिलो

माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी दौंडला झाली आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी दौंड सोडलं नाही. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते जुन्या दगडी देवळात डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत. चर्चला आमच्या घरात देऊळच म्हणायचे. उपासना संपली की पाळकांशी दोन शब्द बोलायचे, बाहेर येऊन चपला झटकायचे आणि मटण घ्यायला जायचे. त्यांचा धर्म असा होता, गडबड नसलेला.

लग्न होऊन मी शिरूरला आले. नवरा रांजणगावच्या एका कारखान्यात ऑपरेटर आहे. तोही ख्रिस्तीच, तळेगाव ढमढेऱ्याकडचा, पण त्याची मंडळी, म्हणजे चर्च, वेगळी. टायरच्या दुकानावर एक हॉल होता, तिथं त्यांची प्रार्थना चाले. टाळ्या, कीबोर्ड, मोठा स्पीकर. आणि सगळ्या शिकवणुकीचा गाभा एकच, की प्रभू कधीही येईल. आज दुपारीही येईल. जे तयार असतील ते एका क्षणात वर उचलले जातील. चुलीवरचं चुलीवर राहील, हातातलं हातातून पडेल. जे मागे राहतील त्यांच्यावर सात वर्षं मोठं संकट, आणि त्यानंतर प्रभूचं हजार वर्षांचं राज्य. नवरा हे मनापासून मानायचा. रविवारी कधीकधी संदेशही द्यायचा, प्रवचनासारखा, आणि चांगला द्यायचा.

आप्पांच्या देवळात असलं काही शिकवत नसत. तिथं सांगायचे की प्रभू एकदाच येईल, सगळे मेलेले उठतील, न्याय होईल आणि ही पृथ्वी नवी केली जाईल. हजार वर्षं हा मोजायचा आकडा नाही, ती देवाची बोलायची रीत आहे. तो कधी येणार याची कुणी चौकशी करत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात आम्ही दौंडला गेलो तेव्हा जेवताना नवऱ्यानं विषय काढला.

"आप्पा, तुम्ही तयार हाय का?"

"कशाला?"

"प्रभू आला तर उचललं जायला."

आप्पा हसले. मग घास खाली ठेवून म्हणाले, "जावईबापू, तो येणार म्हणता आन् आपण निघून जाणार म्हणता. पाव्हणा दारात आल्यावर घर सोडून जातंय का कुणी?"

"तसं न्हाई आप्पा. आपण त्याला घ्यायला जातो. आपण स्टँडवर पाव्हण्याला घ्यायला जातो तसं."

"व्हय, जातो की. आन् त्याला घेऊन घरीच येतो न्हवं?"

 आईनं दोघांच्या ताटात भात वाढला. पुढं कितीतरी वर्षं हा वाद असाच, जेवताना, हसत-खेळत चालायचा. आप्पांना त्यात मजा वाटे. नवऱ्याला नसे वाटत, हे मला नंतर कळलं.

त्याचा थोरला भाऊ बाविसाव्या वर्षी हायवेवर ट्रकखाली गेला होता. हा तेव्हा शाळेत. एकदा मोटारसायकलवरून येताना, मी मागे बसलेली असताना, तो न वळता म्हणाला, "आप्पांचं बरोबर असंल. पण मला इतकं थांबवत न्हाई. माझा भाऊ मला लवकर दिसला पायजे." त्यानंतर मी त्या वादात कधी कुणाची बाजू घेतली नाही. माझं स्वतःचं मत काय, हेही कुणी विचारलं नाही. मी न्हावऱ्याच्या शाळेत शिकवते. सकाळची एसटी, पोरं, वह्या, परत एसटी. शेवटच्या दिवसांचा विचार करायला मला वेळ नव्हता, असंच म्हणायला हवं.

साथीच्या वर्षी आई गेली. दफनाला आम्ही मोजून पाचजण होतो. नवरा आप्पांच्या शेजारी उभा राहून हळूच म्हणाला, "लवकरच भेट होईल, आप्पा." आप्पा म्हणाले, "होईल. कवा, ते त्याचं तो बघंल." तेव्हाही त्यांचा आवाज शांत होता.

आईनंतर त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी देवळातल्या गीतांचे नंबर विसरले. मग जेवलो की नाही ते. मग एकदा स्टेशनाकडून घरी यायची वाट चुकले आणि गोपाळवाडीच्या रस्त्याला दोन तास चालत राहिले. ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. मी जाऊन त्यांना शिरूरला घेऊन आले. त्यांनी विरोध केला नाही, फक्त निघताना कुलूप दोनदा ओढून बघितलं.

रविवारी त्यांना घरात एकटं ठेवता येत नव्हतं. शिरूरहून दौंडला दर रविवारी नेणं जमणारं नव्हतं. म्हणून आम्ही त्यांना हॉलमध्ये न्यायला लागलो. हे मी स्वतः ठरवलं. नवऱ्यानं उलट विचारलं होतं, "त्यांना चालंल का?" मी म्हणाले, "कुठं तरी देवाचं नाव कानावर पडू दे."

पुढं वर्षभर, दर रविवारी, त्या मोठ्या स्पीकरमधून त्यांच्या कानावर पडलं ते असं की घरी जाल आणि घर रिकामं असेल तर काय कराल? बायको नाही, पोरं नाहीत, तुम्हीच मागे राहिलात तर? सुरुवातीला आप्पा हे ऐकून माझ्याकडं बघून हसायचे. काही महिन्यांनी हसायचे थांबले. जिना उतरताना माझा पदर मुठीत धरायला लागले. मला वाटलं, पायऱ्यांची भीती वाटत असेल.

मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, आमच्या बिल्डिंगच्या बायकांनी कुरडया करायचं ठरवलं. सकाळी लवकर चीक शिजवला आणि सगळ्या गच्चीवर गेलो. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. आप्पा झोपलेले होते. मी पंखा लावला, दूध बारीक गॅसवर ठेवलं, दार उघडंच ठेवलं आणि आमच्या शाळकरी मुलीलाही बरोबर नेलं. पाच मिनिटांत बघून येते, असं मनात म्हणाले होते. सोऱ्या हातात आल्यावर वेळेचं भान राहिलं नाही.

खाली आले तेव्हा दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि पलंग रिकामा होता. गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि जिन्यानं धावत सुटले. वाटेत सगळ्या घरांची दारं सताड उघडी होती, कुठं पंखा चालू, कुठं टीव्ही चालू, आणि आत कुणी नाही. आप्पांनी हेच बघितलं होतं. ते एकेका दारात थांबून हाका मारत खाली गेले असणार. वर आमच्या हसण्या-बोलण्यात आम्हाला काही ऐकू आलं नाही.

ते तळाच्या पायरीवर बसले होते. अनवाणी, बनियनवर. दोन्ही हात गुडघ्यांवर आणि तोंडावर घाम की अश्रू, कळत नव्हतं. मी समोर जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण ओळखलं नाही.

"सगळे गेले," ते म्हणाले. "माझी पोरगी गेली. नात गेली. शेजारची वहिनी, ती तर हिंदू हाय, ती पण गेली. तिला पण नेलं त्यानं. मीच राहिलो."

मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"माझं काय चुकलं असंल, बाई?" त्यांनी विचारलं. आणि मग माझ्या हाताला लागलेला चीक बघत म्हणाले, "तुम्ही पण राहिलात व्हय?"

मी त्यांना सांगायला हवं होतं की आप्पा, मी तुमची मुलगी, कुणी कुठं गेलं नाही. पण त्यांचा चेहरा बघून ते शब्द तोंडातून निघाले नाहीत. मी म्हणाले, "हो. मी पण राहिले."

त्यांनी श्वास सोडला. "बरं झालं," म्हणाले. "सोबत झाली."

आम्ही दोघं तिथं बसून राहिलो. त्यांनी माझा चिकट हात हातात घेतला होता आणि ते मला धीर देत होते, अनोळखी बाईला द्यावा तसा. म्हणाले, घाबरू नका, तो दयाळू हाय, परत एकदा बघंल. थोड्या वेळानं मुलगी पायऱ्या उतरत आली आणि तिनं "आबा" म्हणून हाक मारली. तिच्याकडं बघून ते इतके रडले की बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका खाली आल्या.

नवरा पाळी संपवून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, आणि त्याला लागेल असंच सांगितलं. म्हणाले, "तुमच्या हॉलनं केलंय हे. जन्मभर हा माणूस कशाला भ्याला नव्हता." तो डबा न धुता तसाच ओट्यावर ठेवून आप्पांच्या पलंगाशी जाऊन बसला.

त्यानंतर ती भीती रोज यायची. मी मोरीत गेले की यायची, मुलगी दप्तर आणायला आतल्या खोलीत गेली की यायची. नवऱ्यानं मंडळीच्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, म्हाताऱ्यांचा विश्वास डळमळलाय, उपासानं प्रार्थना करा. नवरा घरी आला आणि म्हणाला, "त्यांचा विश्वास न्हाई डळमळला. डोकं थकलंय. एवढं बी कळत न्हाई का?" मंडळीच्या कुणाबद्दल तो असं बोललेला मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यानं एक करायला सुरुवात केली. घरात असला की सतत गात राहायचा, म्हणजे दिसलं नाही तरी आप्पांना कळावं की माणूस आहे. त्याच्या टाळ्यांची गाणी त्यांना नको वाटायची. म्हणून तो आप्पांच्या देवळातली जुनी, संथ चालीची गीतं शिकला, जी त्याला आधी रटाळ वाटायची. दाढी करताना, भांडी पुसताना, तो बेसूर गायचा आणि आप्पा पलंगावरून चाल दुरुस्त करायचे. शब्द विसरले होते, चाल नाही.

एका संध्याकाळी आप्पा फार अस्वस्थ होते. दाराकडं बघून विचारत होते, "गाडी गेली का? मला ठेवून गेली का?" नवरा त्यांच्या पायाशी बसला.

"आप्पा, गाडीचा गार्ड कोण?"

"मी."

"मग? गार्डानं झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलतीय व्हय?"

आप्पांनी विचार केला. "न्हाई हलत," म्हणाले. आणि आडवे झाले.

त्याच महिन्यात एका रविवारी नवऱ्याला संदेश द्यायला सांगितलं होतं, विषय नेहमीचाच. तो उभा राहिला, बायबल उघडलं आणि परत मिटलं. मग म्हणाला, "तो येणार हाय, आन् लवकर येणार हाय, यात मला शंका न्हाई. पण त्याच्या नावानं कुणाला भिववायचं मला आता जमत न्हाई." आणि खाली बसला. हॉलमध्ये कुजबुज झाली. पुन्हा त्याला कुणी बोलायला सांगितलं नाही. तो अजून तिथंच जातो, मागच्या खुर्चीवर बसतो.

आप्पा डिसेंबरात गेले. छातीत कफ झाला, शिरूरच्या दवाखान्यात चार दिवस होते. शेवटच्या दिवशी ते शांत होते की थकलेले, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांना काही दिसत होतं का, ते कुणाची वाट बघत होते का, हेही नाही. मी हात धरून होते. मला ओळखत होते की नाही, माहीत नाही.

दौंडला आईच्या शेजारी त्यांना ठेवलं. नवऱ्याच्या मंडळीतले लोक दोन जीप करून आले होते आणि भिंतीपाशी उभे होते. देवळाच्या कमिटीनं आधीच सांगितलं होतं की प्रार्थना फक्त देवळाचे पाळक करतील, म्हणजे वाद नको. नवऱ्यानं मान हलवली. पाळक म्हणाले, झोपलेला माणूस हाक ऐकून उठतो तसे आप्पा उठतील. माती लोटताना नवरा खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. दोन्हीकडचे लोक बघत राहिले. देवळातल्या एका म्हाताऱ्या मामांनी पुढं होऊन त्याला उठवलं.

एक गोष्ट मला अजून समजत नाही. आप्पांची आशा त्यांनी सत्तर वर्षं सांभाळलेली होती. आमची भीती त्यांनी एक वर्षच ऐकली. तरी डोकं रिकामं होत गेलं तेव्हा आशा आधी पुसली गेली आणि भीती राहिली. असं का व्हावं? आणि त्यांना त्या हॉलमध्ये मीच नेलं होतं.

परतताना न्हावऱ्याला आम्ही चहाला थांबलो. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, एकीमागं एक, आणि बराच वेळ काही बोलता येत नव्हतं. आवाज ओसरल्यावर मी विचारलं, "आप्पा आत्ता कुठं असतील?"

याचं उत्तर त्याच्याकडं नेहमी तयार असायचं. कुणाच्याही मयताला तो ते बायबलच्या वचनासकट सांगायचा. त्या दिवशी तो कपाकडं बघत राहिला.

"मला माहीत न्हाई," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "माझा भाऊ कुठाय, ते पण माहीत न्हाई."

मुलगी आमच्या मध्ये बसली होती. तिनं दोघांकडं बघितलं आणि तिच्या बशीतलं बिस्किट मोडून अर्धं त्याला दिलं. त्यानं ते खाल्लं. मग आम्ही उठलो आणि शिरूरला आलो.