ईदीचा डबा

आमच्या गल्लीत मुसलमानांची घरं चारच. समोर लिंगायत अक्का राहतात, त्यांना सगळी गल्ली अक्काच म्हणते. तीस वर्षं दर रमजान ईदीला माझी बायको स्टीलचा डबा घेऊन त्यांच्याकडं जायची. डब्यावर तिचं नाव कोरलेलं. परत यायचा तेव्हा त्यात साखर असायची, कारण भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. मला एवढंच ठाऊक. मी तेव्हा ईदगाहला असायचो.

ती गेल्याला सात महिने झाले आणि तिच्याशिवायची पहिली ईद आली. सुनेनं शीरखुर्मा केला. नमाजाहून आल्यावर मी तोच डबा गरम गरम भरला आणि स्वतः नेऊन दिला. अक्कांनी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

दोन दिवस झाले, चार झाले, डबा काही परत येईना.

माझ्या मनात किडा शिरला. दिवसच तसे आहेत. अक्कांच्या मुलानं तीन महिन्यांपूर्वी गेटवर कॅमेरा बसवला, त्याचं तोंड बरोबर आमच्या दाराकडं. हा मुलगा लहानपणी आमच्या घरात लोळायचा. हल्ली सात रस्ता चौकातल्या ऑफिसला जाताना हेल्मेट घालून नुसता पुढं बघत जातो. मला वाटलं, म्हातारी पण बदलली. नाहीतर आधीपासूनच अशी असेल. माझी बायको तीस वर्षं देत राहिली आणि हे लोक गटारीत ओतत राहिले. ती अडाणी बाई मैत्रीण मैत्रीण म्हणत मेली. मला खरं काय ते कळायलाच पाहिजे होतं.

मी रोज सकाळी पायरीवर बसू लागलो. घंटागाडी आली आणि अक्कांची सून बादली घेऊन निघाली की मीही उठायचो. बादलीत शेवया दिसतात का बघायचो. माझ्या सुनेनं धरलं मला. "अब्बा, पॉवरलूममधनं रिटायर होऊन महापालिकेत लागला काय?"

आठव्या दिवशी मी समोर गेलो. उंबऱ्यातनंच म्हणालो, "अक्का, डबा द्या. तिची आठवण आहे."

"बसा भाई."

"बसत नाही. खाल्लं का तेवढं सांगा."

"न्हाय खाल्लं. खोटं कशाला बोलू? दारातल्या गायीला घातलं."

माझं डोकं भणभणलं. "गायीला!"

"मग काय गटारीत ओतू? ईदीचं हाय ते. अवो, तुमच्या घरात मटण शिजतंय. तितलं शिजलेलं आमी कधी खाल्लंय? तिला ठावं होतं की."

"मग तीस वर्षं ती डब्यात काय आणत होती?"

अक्का आत गेल्या. एक काळपट पडलेली पितळी गंजी घेऊन आल्या आणि माझ्यापुढं ठेवली.

"कोरडं आणायची. शेवया, खारका, खोबरं. तुमी ईदगाहची वाट धरली की ही हजर. डोकं न्हालेलं, केस ओले. माझी गंजी, माझं दूध, माझा गॅस, आणि ढवळायची ती. मला हात लावू द्यायची न्हाय. आमच्या सासूबाई लिंगपूजेशिवाय पाणी पीत नव्हत्या, त्या पण दोन वाट्या खायच्या."

मी खाली बसलो.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुमाला?" अक्का हसल्या. "तुमी नाकावर राग घेऊन जन्मलेले. ती म्हणायची, कळलं तर म्हणतील, आमचं भांडं चालत न्हाय तर आमच्या शेवया कशाला पायजेत? ईदीला भांडण नको."

म्हणालोच असतो. आजही म्हणतो. हात चालतो आणि भांडं चालत नाही, हे कुठलं शास्त्र? पण तिला ते चाललं, आणि तिनं मला विचारलं नाही.

"आणि तो कॅमेरा?" मी विचारलं.

"पोराला इचारा. मला त्यातलं काय कळतंय."

मुलाला मी अजून विचारलेलं नाही. कॅमेऱ्याचं तोंड अजून आमच्याच दाराकडं आहे.

"खाल्लं का इचारलं असतं तर काय सांगू, म्हणून धाडला न्हाय," म्हणत अक्कांनी डबा दिला. धुतलेला, आत साखर. मी रस्ता ओलांडला आणि आमच्या दारात उभा राहिलो, तेव्हा मला एक आठवलं. दर ईदीला मी नमाजाहून यायचो तेव्हा आमच्या घरी शीरखुर्म्याला उकळीसुद्धा आलेली नसायची. मी ओरडायचो, सणाच्या दिवशी तरी वेळेवर कर की. ती पातेल्यातनं मान वर न करता म्हणायची, दूध उशिरा आलं.

तीस वर्षं. आणि दर ईदीच्या दुसऱ्या दिवशी मी दूधवाल्याला दारात उभा करून शिव्या घालत होतो. तो बिचारा मान खाली घालून ऐकायचा, आणि ही आत, पडद्यामागं, काही बोलायची नाही.