पाटीवरचं ‘येथे’

भुतंखेतं, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं टायपिस्ट होतो, डोकं ताळ्यावर ठेवून. त्यामुळे ‘तुम्हाला भास झाला असेल’ असं लिहिणाऱ्यांनी कृपया पुढे वाचूच नये.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. भाऊसाहेब — मिठागर कामगारांचे पुढारी, पुढे आमदार, आडनाव मुद्दाम लिहीत नाही — माझे सख्खे आतेभाऊ. ते गेल्यावर स्मारक समिती निघाली. जन्मस्थळी संगमरवरी पाटी लावायचं ठरलं. आणि जन्मस्थळ कुठलं? तर त्यांच्या वडिलांचं स्टेशनजवळचं घर! का, तर तिथे मंडप घालता येतो आणि पाहुण्यांची गाडी दारापर्यंत जाते.

अरे, पण आत्याचं पहिलं बाळंतपण! ते माहेरीच होणार ना? आमच्या कोपरच्या घरात झालं. सुईण यायच्या आत मूल बाहेर आलं आणि माझ्या आईने, तेव्हा ती नवी सून, स्वतः नाळ कापली. न्हाणीमागे ती पुरलेली जागा आई आम्हाला दाखवायची.

ऐंशीला आलेली आई काठी टेकत समितीच्या बैठकीला आली.

"त्यो आमचे घरान जलमला. पयला बालतपन माहेरान, ह्या पन तुमाला सांगाला लागतं?"

अध्यक्ष हसले. "आजी, वय झालं तुमचं. घरी जाऊन आराम करा."

सगळी बैठक हसली. मी समितीचा चिटणीस, वहीत मान घालून बसलो होतो. घरी जाताना आई एवढंच म्हणाली, "मी मरासचे आधी खरा लिवून घे रे. मना खोटी पाडली त्यांनी."

मी ‘हो’ म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मशीनवर मजकूर टाइप केला — ‘लोकनेते भाऊसाहेब यांचा जन्म येथे झाला.’ अध्यक्षांशी वाकडं कोण घेणार! आईला सांगितलं नाही.

पाटी कल्याणच्या विठोबा मिस्त्रीने कोरली. समारंभाच्या आदल्या दुपारी मी स्वतः तपासली. खोल अक्षरं, काळा रंग भरलेला. ‘येथे’वरून बोटही फिरवलं होतं.

सकाळी अकराला पडदा बाजूला झाला. ‘लोकनेते भाऊसाहेब यांचा जन्म’ ...मग मोकळी जागा... ‘झाला.’ नुसता रंग उडाला म्हणावं तर खाचही नाही. दगड तिथे गुळगुळीत.

अध्यक्षांनी मिस्त्रीला चारचौघांत शिव्या घातल्या. तो बिचारा म्हणाला, "साहेब, कोरलेलं अक्षर भरून येतं का कधी?" त्याच्याकडून तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत, शब्द पुन्हा कोरून घेतला. आठ दिवसांत तोही गेला. आमच्या कंपनीच्या केमिस्टला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, ॲसिडने दगड खाल्ला जातो, भरत नाही. शेवटी समितीने त्या जागेवर प्लास्टिकचा हार टांगला. निर्लज्ज लेकाचे!

शब्द दुसऱ्यांदा गेला त्याच दिवशी मी धावत जाऊन आईला सांगितलं होतं. वाटलं, खूश होईल. तिने उलट मलाच विचारलं,

"त्या लिवला कोनी होता?"

खोटं बोलता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "मी."

आईने भिंतीकडे तोंड केलं. पुढे दोन वर्षं जगली. जेवणाचं बोलायची, औषधाचं बोलायची. पाटीचं नाव परत काढलं नाही.

पाटी अजून आहे. हार सरकवून कोणीही बघावं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. राग मात्र आहे — अध्यक्षांवर, त्या हसणाऱ्यांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. जो शब्द दगडाने दोनदा ठेवून घेतला नाही, तो मी एका दमात टाइप केला होता. एकही चूक न करता.