बॅटरी रूमच्या दाराचा खिळा

नर्मदेकाठच्या आमच्या शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात, आमच्याच घरांच्या ओळीत रामराव डबीर राहायचे. तिथल्या लष्करी कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजची बॅटरी रूम त्यांच्या ताब्यात होती. या खोलीच्या दाराला त्यांनी एक खिळा ठोकला होता. आत जाणाऱ्यानं अंगठी, घड्याळ, जे काही धातूचं असेल ते खिळ्याला अडकवायचं, मगच पाय आत टाकायचा. एका नव्या साहेबांनी सासऱ्यानं दिलेलं घड्याळ काढायला कां-कूं केलं, तर रामराव दारातच स्टूल टाकून निवांत बसले. साहेब आत गेले ते मोकळ्या मनगटानं. एका सरदारजींना कडं काढता येत नसे, म्हणून त्यावर गुंडाळायला सायकलच्या ट्यूबची पट्टी खणात तयार. डबा घेऊन आलेल्या भानुमतीवहिनीही पाटल्यांसकट उंबऱ्याबाहेर. वहिनी म्हणायच्या, "याच पाटल्या पाहून लग्नाला हो म्हटलं, आता काहून भिऊन राहिले?"

पन्नास व्होल्टला काय भ्यायचं, असं पोरं विचारत. रामराव त्यांना शांतपणे सांगत, "घरच्या विजेचा झटका लागला तर माणूस ओरडतो तरी. ही ओरडू देत नाही भैया. हिच्या दोन टोकांमध्ये धातू आला की वितळवूनच सोडते."

पासष्टची लढाई ऐन पितृपक्षात आली. कारखाना रात्रंदिवस चालू होता, टेलिफोनही. रामरावांच्या वडिलांचं श्राद्ध होतं त्या दिवशी सकाळी गुरुजी आले, पाट मांडले, पिंड वळून झाले, आणि दाराशी कारखान्याची जीप थांबली. नव्या टेलिफोनांचं रॅक आजच बॅटरीला जोडायचं होतं, आणि लढाईत लाइन बंद ठेवता येत नव्हती, म्हणजे जोडणी चालू बॅटरीवरच. हे काम रामराव दुसऱ्याच्या हाती देणारे नव्हते.

"पिंड तसेच राहू द्या गुरुजी. जातो आणि येतोच," ते म्हणाले. सोवळं सोडून पँट चढवली आणि गेले.

दाराशी आले, सवयीनं डाव्या हातातली लग्नाची अंगठी काढली, खिळ्याला अडकवली. उजव्या हाताच्या अनामिकेत श्राद्धात दर्भाच्या अंगठीच्या जागी घालायचं सोन्याचं पवित्रक होतं, आजोबांच्या वेळचं. श्राद्ध अर्धं राहिलेलं, त्यामुळे ते बोटातच ठेवलं होतं. दागिना त्यांनी खिळ्याला लावला होता. पवित्रक त्यांच्या लेखी दागिना नव्हतंच, तो दर्भ होता.

पान्याच्या मुठीला कापडी टेप गुंडाळलेली होती. काम नीट चाललं होतं. शेवटचा नट आवळताना हात थोडा घसरला, आणि पवित्रक बॅटरीची तांब्याची पट्टी आणि रॅकचं लोखंड यांच्यामध्ये आलं. डोळे दिपवणारा उजेड पडला, बस. फ्यूज उडायच्या आधी सोनं लाल झालं होतं, आणि बोटातून निघेना.

बोट इस्पितळात काढावं लागलं. रॅक दुसऱ्या कोणीतरी संध्याकाळी जोडलं. पिंड तसेच वाळत पडले. शेवटी गुरुजींनी मान खाली घालून ते नर्मदेत सोडले.

बरे झाल्यावर रामरावांना फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पास बघायला. तिथंही ते लोकांच्या हाताकडेच बघत, म्हणून काही दिवस त्यांना सगळे ज्योतिषी म्हणत. ते हसत, पण बॅटरी रूमकडे कधी फिरकले नाहीत. लग्नाची अंगठी खिळ्यालाच राहिली. वहिनींनी दोनदा आठवण करून दिली, मग त्यांनीही विषय सोडला.

पुढच्या पितृपक्षात गुरुजी आले, दर्भाचं पवित्रक करून पुढे झाले आणि रामरावांचा उजवा हात हातात धरून थांबले. जिथं घालायचं ते बोटच नव्हतं.

"शास्त्रात काही सोय असेल," गुरुजी चाचरत म्हणाले. "पाहून सांगतो."

"पाहा सावकाश," रामराव म्हणाले. "बाबा थांबतील. मागच्या सालीही त्यांना अर्ध्यावरच सोडून गेलो होतो."