अण्णांचा तारांकित प्रश्न

सुट्टीचा वार नसताना सोलापूरच्या भवानी पेठेतली पेंडीची दुकानं बंद दिसली, म्हणून मी टांगेवाल्याला कारण विचारलं. "तुमाला म्हाईत न्हाय व्हय? मल्लप्पाण्णा गेले की पहाटं," तो म्हणाला आणि त्यानं लगाम ओढला. मी शिकवणी घ्यायला निघाले होते. "मग तिकडंच घे," मी म्हणाले. त्याला आता महिना होऊन गेला. वर्तमानपत्रात 'माजी आमदार व पेंडीचे व्यापारी' अशा चार ओळी आल्या होत्या. त्या ओळींत चुकीचं काही नव्हतं, पण त्यांत अण्णा कुठंच नव्हते...

आमचं बिऱ्हाड त्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. वडील मोहोळकडची जमीन भावावर सोपवून गिरणीत लागलेले. मला लहानपणीच पोलिओ झाला आणि दोन्ही पायांना कॅलिपर आले. लोखंडी सळ्यांचा, चामड्याच्या पट्ट्यांनी मांडीपासून बुटापर्यंत आवळलेला आधार. तो पुण्याला बनायचा. माझे पाय वाढायचे, लोखंड वाढायचं नाही, आणि दर खेपेला पुण्याला जायचं म्हणजे वडिलांचे गिरणीत खाडे. एकदा मी दुकानाच्या पायरीवर बसून गुडघ्यात रुतलेली पट्टी सैल करत होते. अण्णा त्या वर्षी नुकतेच आमदार झालेले. ते गादीवरून उठून आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि पट्टीखालचा लालभडक वळ बघत राहिले. कपाळावरची विभूती घामानं ओघळत होती. "हे हितं का बनत न्हाई?" त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "सरकारी दवाखान्यात त्याच्यासाटी खोली केलीया म्हणत्यात, अण्णा. पाटी बी लागलीया. पण तिला कुलूप हाय." अण्णा मोकळं हसले. "एवढंच न्हवं? विधानसभेत विचारतो की!" आम्हाला ते खरं वाटलं. आमच्यापेक्षा जास्त त्यांना वाटलं.

त्यांचा प्रश्न तारांकित होता, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून त्याचं उत्तर द्यायचं. ज्या दिवशी तो घेतला जाणार होता, त्या दिवसासाठी अण्णा मला आणि वडिलांना स्वतःच्या खर्चानं मुंबईला घेऊन गेले. "काम तुझं हाय अव्वा, तू ऐकायला पायजे," म्हणाले. कानडी घरातल्या लाडानं ते मला अव्वा म्हणत. प्रेक्षक गॅलरीच्या दारात शिपायानं माझ्या कुबड्या काढून घेतल्या. काठ्या आत न्यायला बंदी. तो काही वाईट बोलला नाही, नियम होता तेवढाच त्यानं सांगितला. वडिलांनी मला पाठुंगळी घेतलं. एवढी मोठी मुलगी बापाच्या पाठीवर, म्हणून लोक वळून बघत होते, आणि मी खाली अण्णांची पांढरी टोपी शोधत होते.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. अण्णांनी विचारलं होतं, कॅलिपर बनवून चालायला शिकवायचं सोलापूरचं केंद्र मंजूर होऊनही सुरू झालेलं नाही, हे खरे आहे काय? "हे खरे नाही. केंद्र सुरू करण्यात आले आहे," मंत्री म्हणाले. अण्णा ताडकन उठले. "अध्यक्ष महाराज, मी परवाच त्या खोलीचं कुलूप हातानं हलवून बघितलंय की!" त्या 'की'वर सभागृहात हशा पिकला. मंत्रीही हसले. माहिती घेऊन पटलावर ठेवू, म्हणाले, आणि तेवढ्यात प्रश्नोत्तरांचा तास संपला. बाहेर आल्यावर अण्णांनी स्वतः जाऊन माझ्या कुबड्या सोडवून आणल्या. काखेखालची गादी झटकून माझ्या हातात दिल्या आणि पुटपुटले, "आयतु बिडु." झालं, सोड. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

पण विषय वर गेला होता. पुढं आमदारांची एक समिती पाहणीला आली. आदल्या दिवशी खोलीला चुना लागला. पुण्याहून व्यायामाचे दोन समांतर दांडे आले, पांढऱ्या कोटातला एक माणूस आला, आणि मला बोलावणं आलं. त्या दांड्यांमध्ये मी उभी राहिले... दोन्ही हातांनी धरून, कुबड्यांशिवाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. कुणी काखेत हात घातला नव्हता. समितीच्या प्रमुखांनी कौतुकानं विचारलं, "काय बाळ, रोज येतेस ना इथं?" मी अण्णांकडं बघितलं. ते बोलायला पुढं सरकलेच होते. त्यांच्या शेजारचा आरोग्य खात्याचा अधिकारी हलक्या आवाजात म्हणाला, मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं, "अण्णासाहेब, आता बोललात तर सामान संध्याकाळी परत जाईल. नाही बोललात तर ठेवून घ्यायचं मी बघतो." अण्णांनी माझे हात बघितले. मी दांडे अजून सोडले नव्हते. "येते की," माझ्याऐवजी तेच म्हणाले.

सामान थोडे दिवस राहिलं आणि मग पुण्याला गेलं. त्या अधिकाऱ्याची बदली झाली. अण्णांनी पुन्हा विचारलं, तेव्हा उत्तर आलं की समितीने केंद्राची पाहणी करून समाधान व्यक्त केले आहे. जे सुरू आहे ते सुरू करा, असं कसं मागायचं? ते मुंबईत दारोदार फिरले. सगळीकडं चहा मिळाला, बसायला खुर्ची मिळाली. एक सचिव तर म्हणे अगदी कळवळून म्हणाले, "तुम्हीच तिथं उभे होता ना, साहेब?" हे सांगताना अण्णा दुकानात माझ्या आईसमोर रडले. तिनं नुसता पाण्याचा तांब्या पुढं केला. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. लोकांना वाटलं, त्यानं ते खचले. आम्ही कुणाला काही सांगायला गेलो नाही.

आमदारकी गेल्यावर एका सकाळी त्यांनी नळवाल्याला बोलावून आपल्या घराच्या परसात दोन लांब लोखंडी नळ आडवे बसवून घेतले. "सरकारचं जाऊ दे. तू हितं चाल." पण त्यांनी दोन नळांतलं अंतर आपल्या हातांच्या मापानं धरलेलं. एका नळाला हात लागला की दुसरा सुटायचा. मी एकच नळ दोन्ही हातांनी धरून खेकड्यासारखी आडवी चालले. अण्णा बघत राहिले. सिमेंट वाळलेलं होतं. "तू मोठी झालीस की पुरंल," म्हणाले आणि आत गेले. नंतर माझे कॅलिपर अगदीच आखूड झाले, आणि ते चालणंही थांबलं.

परवा अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, बोलावलं म्हणून गेले. त्यांनी अण्णांचे सगळे कपडे वाटून टाकलेत, एक धोतर तेवढं ठेवलंय. ते त्या दर सोमवारी धुतात. "पेटीत ठेवलं की पिवळं पडतंय बघ," म्हणाल्या. परसात एका नळावर ते वाळत होतं. कुबड्या भिंतीला लावून मी मध्ये उभी राहिले. आता दोन्ही हात दोन्ही नळांना पोचले... गुडघे मात्र कॅलिपरशिवाय लगेच वाकले. अक्कांनी धावत येऊन सावरलं. मग म्हणाल्या, "थोरला म्हणतोय, हे काढून गोदाम वाढवू. काय सांगू त्याला?"

वाऱ्यानं धोतर घसरायला लागलं होतं. त्याचं एक टोक अक्कांनी धरलं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही ते पुन्हा नळावर नीट ओढून घेतलं.