संथ चालीची मुलगी

बाराव्या वर्षी माझे गुडघे सुजले, मग घोटे, मग कोपरं. ताप होताच. घरातल्यांनी एकमताने ठरवलं की हा वात आहे, आणि महिनाभर मला निर्गुडीच्या पाल्याचा शेक मिळाला. सूज गेली, पण जाताना हृदय बिघडवून गेली. हे कळायला आणखी पाच वर्षं लागली, कारण पायऱ्या चढताना मला लागणारा दम तोवर आळसात जमा होत होता.

शेवटी वडील मला दारव्ह्याहून यवतमाळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मी तिथे नाहीच अशा थाटात वडिलांना समजावलं. हृदयातल्या झडपेने रक्त पुढे सोडायचं आणि लगेच मिटायचं असतं. हिची झडप नीट मिटत नाही. दर ठोक्याला थोडं रक्त मागे गळतं आणि हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागतं. म्हणून दम, म्हणून धडधड. पुढे पाय सुजतील, आडवं झोपणं अवघड होईल. तो जुना ताप उलटला तर झडप आणखी बिघडेल, म्हणून दर महिन्याला इंजेक्शन. सगळ्यात शेवटी ते म्हणाले, "लग्नाची घाई करू नका. बाळंतपण हिच्या जिवावर बेतू शकतं."

घरी येऊन वडिलांनी आईला यातलं सोयीचं तेवढं सांगितलं: झडप जराशी गळते, इंजेक्शनं घ्यायची, कोणाजवळ बोलायचं नाही. उरलेलं ते तिला एकांतात सांगतील, असं मी भाबडेपणाने धरून चालले. गावात इंजेक्शन घेतलं तर कंपाउंडर बाजारभर करील, म्हणून दर महिन्याला आम्ही छोट्या रेल्वेने यवतमाळ गाठायचो. शेजाऱ्यांच्या लेखी मी शिवण शिकायला जात होते. वर्षभर शिकूनही मला साधं बटणाचं काज करता येत नव्हतं, आणि त्याचं कोणालाच नवल वाटलं नाही.

मग पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. पसंती-नापसंती आत्याच्या हाती होती. मी लंगडते का ते बघायला तिने मला अंगणातल्या विहिरीपर्यंत चालवलं. दम लागू नये म्हणून मी हळू चालले. "चाल पाहा पोरीची, कशी गरीब!" ती म्हणाली. मी दोन-दोन शब्दांत उत्तरं दिली, तर, "आवाज बी वर नाही जात." आग्रहाने दिलेले पोहे मी अर्धे ठेवले, तर, "खाते बी किती कमी!" माझ्या आजाराची एकेक खूण तिने गुण म्हणून मोजून दाखवली. धडधाकट मुलीला हे जमलंच नसतं.

आईचा चेहरा फुलला होता. वडील म्हणाले, "मंग आजच सुपारी फोडून टाकू." तेव्हा मला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त राग आला. मी सरळ मुलाकडे पाहिलं.

"माह्या हृदयाची झडप गळते. दर महिन्याले इंजेक्शन लागते."

मुलगा आत्याकडे बघू लागला. आत्याने हात झटकला. "लग्न झालं का सारं ठीक होते बाई. माह्या जावेले फेफरं येत होतं, एका लेकरात गेलं."

"लेकराच्या वक्ती माहा जीव जाऊ शकते, असं डॉक्टरनं बाबाले सांगतलं हाये."

मुलाच्या वडिलांना एकदम गाडीची वेळ आठवली. आई मात्र जागच्या जागी वळली, वडिलांकडे.

"तुमाले मालूम होतं?"

वडिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "लग्न झाल्यावर सांगणारच होतो तुले."

आईने पाहुण्यांच्या हातांतल्या पोह्यांच्या बशा काढून घेतल्या, आत्याची तर तोंडात घास असताना. मग माझ्याशेजारी येऊन बसली, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "या आता तुमी."